साळूची ओ

सागाच्या एका जंगलात एक साळू राहत असे आणि तिच्याकडे एक संगणक होता. हसू नका, बालमित्रांनो. तुमच्या घरी असतो, मग तिच्याकडे असायला काय हरकत आहे? त्या जंगलातल्या टेकडीवर माणसांनी कधीकाळी एक चौकी बांधली होती. ती माणसे आपले काम आटोपून निघून गेली आणि जाताना संगणक, छपरावरची उन्हातून वीज करणारी काळी पाटी आणि त्या दोघांना जोडणारी जाड तार तिथेच टाकून गेली. टेकडीच्या पायथ्याशी वटवाघळांची एक गुहा होती. तिच्या तोंडाला माणसांनी लोखंडी दार बसवले होते. ते वर सरकून उघडे, खाली येऊन बंद होई आणि त्याला वरखाली करण्याचे काम चौकीतला संगणक करी. चौकीच्या खिडकीतून खाली पाहिले की गुहेचे तोंड समोर दिसे.

या सगळ्याचा प्राण्यांना काय उपयोग, असे तुम्ही विचाराल. उपयोग मोठा होता. उन्हाळ्यात त्या जंगलातले ओढे आटत आणि मोठ्या प्राण्यांना खिंडीपलीकडच्या नदीवर पाण्याला जावे लागे. वाट लांबची, खडक तव्यासारखे तापलेले. नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांचे पाय तिथे टिकत नसत. म्हणून सकाळी सगळ्या आया आपापली पिल्ले गुहेत सोडून जात, साळू चौकीतून दार लावून घेई आणि दिवस कलल्यावर आया परतल्या की ते उघडून देई. हरिणीचे पाडस, लांडोरीची पिल्ले, सशांची लहानगी, सगळी तिथे असत. साळूचे स्वतःचे पिल्लूही त्यांच्यातच असे. त्याच्या अंगावरचे काटे अजून मऊ होते.

साळू कामाला चोख होती, हे आधीच सांगतो, नाहीतर पुढचे वाचून तुम्ही तिला मूर्ख म्हणाल. संगणकाचा खुणेचा शब्द तिने कुणालाही सांगितला नव्हता. कुठल्याशा दूरच्या जंगलातून ‘तुम्हाला टोपलीभर रताळी बक्षीस मिळाली आहेत, निरोप उघडा’ असे आमिष आले, तेव्हा तिच्या तोंडाला पाणी सुटले, पण तिने तो निरोप उघडला नाही. ‘तुमच्या संगणकाला कीड लागली आहे, आम्ही झाडून देतो’ असे सांगणारेही येत. त्यांच्याकडेही ती ढुंकून पाहत नसे. एवढे सगळे तिला येत होते. येत नव्हते ते एकच. तिला कुणाला ‘नाही’ म्हणता येत नसे. ती भारी भिडस्त होती.

आणखी दोन गोष्टी सांगितल्याशिवाय पुढचे कळायचे नाही. पहिली त्या जंगलाच्या रिवाजाची. तिथे हाक ऐकू आली की ऐकणाऱ्याने लगेच ओ द्यायची, अशी जुनी रीत होती. हाक कुणाची, कशासाठी, हे नंतर बघायचे. दाट रानात चुकलेल्याला तेवढाच आधार वाटतो, म्हणून शहाण्या पूर्वजांनी ही रीत घातली होती, आणि तिला नावे ठेवायचे काही कारण नाही. साळू तर या बाबतीत सगळ्यांच्या पुढे. हाक पुरी व्हायच्या आत तिची ओ गेलेली असे.

दुसरी गोष्ट तिच्या दातांची. संगणक बोलण्यावर चालत असे, कारण साळूच्या नखांखाली त्याच्या कळा टिकल्या नसत्या. तो विचारी, “दार उघडू का?” आणि साळूने ‘हो’ म्हटले की उघडी. पण साळूचे पुढचे दात हे एवढे मोठे. ते मध्ये येत आणि तिचा ‘हो’ नेहमी ‘ओ’ असाच बाहेर पडे. संगणकाला त्याची सवय होऊन गेली होती. साळूचा ‘ओ’ म्हणजे ‘हो’, असे त्याने आपल्या डोक्यात पक्के करून ठेवले होते.

हे साळूच्या कधी लक्षात आले नाही. लक्षात आले ते कोल्ह्याच्या.

कोल्हा एकदा दुपारी सावलीला म्हणून चौकीत येऊन बसला होता. साळूला त्याला ‘नाही’ म्हणता आले नाही, हे तुम्ही ओळखलेच असेल. तो बसला, गोड गोड बोलला, पिल्लांची विचारपूस केली आणि आया परतल्यावर दार कसे उघडते, ते कान टवकारून ऐकत राहिला. त्यानंतर काही दिवसांनी सहलीला आलेल्या कुणाच्या तरी खिशातून पडलेला मोबाइल त्याला करवंदीच्या जाळीत सापडला. तोही बोलण्यावर चालणारा होता. कोल्हा तो घेऊन जाळीतच बसला आणि विचार करू लागला.

त्यानंतर एका सकाळी, आया खिंडीकडे निघून गेल्यावर, संगणकाच्या पडद्यावर एक प्रश्न उमटला. संगणकाने तो मोठ्याने वाचूनही दाखवला. “एक अनोळखी पाहुणा आत येऊ पाहतो. त्याला घेतल्यास सगळा कारभार त्याच्या हाती जाईल. आत घेऊ का?”

साळू गप्प बसली. संगणकाने थोड्या वेळाने पुन्हा विचारले. साळू पुन्हा गप्प. प्रश्न पडद्यावर तसाच राहिला.

चौकीसमोरच्या खड्यांत एका टिटवीची अंडी होती. टिटवी म्हणजे जन्माची संशयी. पान हलले तरी ती ‘कोण? कोण?’ करून जंगल डोक्यावर घेई आणि सगळे तिला कंटाळलेले असत. तिने दारातून डोकावून तो प्रश्न ऐकला आणि ती साळूवर करवादली.

“अगं, नाही म्हण त्याला. एवढं तोंड उघडायला काय झालं?”

“कुणाच्या तोंडावर नाही कसं म्हणायचं गं?” साळू म्हणाली. “मी आपली गप्प बसते. बसेल बसेल आणि जाईल कंटाळून.”

“तो कसला कंटाळतोय. तू कंटाळशील, त्याची वाट बघतोय तो. भीड भिकेची बहीण, हे माझी आजी सांगायची, ते काय उगाच?”

साळूने मान डोलावली, पण ‘नाही’ काही म्हटले नाही. एक शब्द उच्चारला असता, तर संगणकाने त्या पाहुण्याला कायमचे हाकलून दिले असते. पण तिला वाटे, कोण बिचारा असेल, त्याला तडकाफडकी कसे घालवायचे. तुमच्या घरच्या पडद्यावरही असे प्रश्न येतात आणि तुम्ही ते बाजूला सारून खेळत बसता, हे मला ठाऊक आहे. तेव्हा साळूला हसण्याआधी जरा थांबा.

असे काही दिवस चालले. रोज आया गेल्या की प्रश्न येई आणि आया परतायच्या सुमारास निघून जाई. साळूला त्याची सवय झाली. पडद्यावर प्रश्न उभा असतानाच ती मुळ्या चघळत बसू लागली.

मग तो दिवस आला. उन्हाचा नुसता जाळ पेटला होता. नदीवर गेलेल्या आयांना परतायला अजून बराच अवकाश होता. अंड्यांच्या रोखाने एक मुंगूस निघाले होते, त्याला हुसकत टिटवी ओढ्याकडे गेली होती. पडद्यावर प्रश्न होता. संगणकाने तो नेमाने वाचून दाखवला, “आत घेऊ का?” आणि तो उत्तराची वाट पाहत राहिला. नेमक्या त्याच वेळी चौकीच्या मागच्या अंगाने, जिकडे खिडकी नव्हती, तिकडून हाक आली.

“साळूमावशी…”

“ओ,” साळू म्हणाली.

हाकेच्या मागून काही बोलणे येईना. हाक मारून गप्प बसणारा हा कोण, म्हणून साळू कान देऊन ऐकू लागली. बाहेर पाचोळा वाजला. आणि तिच्या पाठीमागून संगणक शांतपणे म्हणाला, “बरे. पाहुण्याला आत घेतले आहे.”

साळूला आधी कळलेच नाही. मग कळले आणि तिच्या अंगावरचा काटा न् काटा उभा राहिला. ती संगणकाकडे धावली. आपण ‘हो’ म्हटले नाही, ‘ओ’ म्हटले, हाकेला दिली ती, असे तिने त्याला परोपरीने सांगितले. संगणक म्हणाला, “आधी खुणेचा शब्द सांगा.” तिने सांगितला. संगणक म्हणाला, “हा शब्द आता चालत नाही.” आत शिरलेल्या पाहुण्याने पहिले काम केले होते ते शब्द बदलण्याचे.

खाली लोखंड करकरले. साळूने खिडकीतून पाहिले. गुहेचे दार वर सरकू लागले होते.

दार जुने होते, गंजलेले होते, ते हळूहळूच सरके. एरवी साळू त्याच्या या रडतखडत चालण्याला कंटाळे. आज तिला तो प्रत्येक क्षण मोलाचा वाटला. टेकडीच्या मागून, करवंदीच्या जाळीतून, कोल्हा निघाला होता आणि वळसा घेऊन गुहेकडे पळत होता. त्याच्या पळण्यात घाई नव्हती. आयांची वाट लांबची आहे, हे त्याला चांगले ठाऊक होते.

सगळ्यांत वाईट पुढेच होते. दार करकरले की आई आली, एवढेच त्या पिल्लांना माहीत होते. दाराखालच्या फटीतून पाडसाचे ओले नाक बाहेर आले. त्याच्या मागे लांडोरीची पिल्ले रेटारेटी करत होती, आणि त्यांच्या पायांत आपले पिल्लू घुटमळताना साळूला दिसले. साळू ओरडली, आत जा, आत जा. पण दाराच्या करकरीत तिचा आवाज खाली पोचेना.

ती पुन्हा संगणकासमोर आली. दार थांबव, म्हणून विनवू लागली. संगणक पुन्हा पुन्हा तेच सांगत राहिला, की हा शब्द आता चालत नाही. साळूला रडू कोसळले. ज्याला इतके दिवस झाडूनपुसून ठेवले, तो आपल्याला ओळखत नाही, या विचाराने तिला क्षणभर काही सुचेना. संगणकाच्या पोटात काय चालते, ते तिला फारसे कळत नव्हते. पण छपरावरून तार खाली येते आणि त्या तारेतून ऊन आत येते, एवढे तिला कळत होते. कुरतडणे तर तिला जन्मापासून येत होते. तिने भिंतीवर झेप टाकली, ती जाड तार दातांत धरली आणि सगळा जीव जबड्यात आणून चावली. ठिणग्या उडाल्या. तिचे तोंड भाजले. पडदा काळा पडला आणि खालची करकर थांबली.

दार थांबले खरे, पण ते अर्ध्यातच थांबले. खाली हातभर फट राहिली होती. मोठ्या हरणाला ती अपुरी होती, पण कोल्ह्याला पुरेशी होती.

साळू चौकीतून निघाली आणि उतारावरून गडगडत खाली आली. धावणे तिच्या जातीला जमत नाही. तोवर ओढ्याकडून टिटवी आली होती आणि ‘कोण? कोण?’ करत कोल्ह्याच्या डोळ्यांवर झडप घालत होती. तिच्या आरड्याने बाहेर आलेले पाडस मागे सरले आणि पिल्ले गुहेच्या टोकाला जाऊन एकमेकांत शिरली. कोल्ह्याने टिटवीला पंजाने झटकले, फटीखाली मान घातली आणि खांदे आत रेटले. एवढ्यात साळूने पाठ फिरवली, सगळे काटे ताठ केले आणि ती उलट्या पावलांनी त्याच्या अंगावर धावून गेली. कोल्हा किंचाळत मागे आला. तो पुन्हा शिरायच्या आत ती फटीत घुसली आणि पाठ बाहेर ठेवून तिथेच रुतून बसली. आता आत जायला जागा उरली नाही.

कोल्ह्याने आधी मागच्या पुठ्ठ्यात रुतलेले काटे चावून काढले. मग तो फटीसमोर येऊन बसला आणि नेहमीच्या गोड आवाजात बोलू लागला. त्याला धाक घालायची गरज कधी पडली नव्हती. साळूची नस कुठली, ते त्याला माहीत होते.

“मावशी, इतक्या वर्षांत तुझ्या तोंडून कुणाला वाकडा शब्द गेला नाही. मला सावलीत बसवलंस तू. आज असं काय करतेस? जरा सरक. मी एकच घेतो. तुझं नाही घेत, शपथ.”

साळूला आतून पिल्लांचा श्वास ऐकू येत होता. आणि काय सांगू, बालमित्रांनो, एवढे होऊनही तो शब्द तिच्या ओठांवर येईना. जन्मात कधी न उच्चारलेला शब्द असा ऐनवेळी येत नाही. कोल्ह्याला वाटले, ही नेहमीसारखी गप्पच बसणार, म्हणजे काम झाले. तो उठला आणि पंजाने तिला हलकेच बाजूला सारू लागला.

“नाही,” साळू म्हणाली.

शब्द अगदी बारीक निघाला. कोल्हा थबकला. आपण नीट ऐकले का, अशा अर्थाने त्याने मान वाकडी केली आणि काहीतरी नवीन लाघवी बोलायला तोंड उघडले. साळू पुन्हा म्हणाली, “नाही.” या वेळी तो मोठ्याने निघाला. मग कोल्हा जे जे म्हणाला, त्या सगळ्यावर तिने तोच शब्द दिला, आणि दर वेळी तो आधीपेक्षा सोपा जात गेला. ऊन उतरले. खिंडीकडून खुरांचा आवाज येऊ लागला, तेव्हा कोल्हा लंगडत लंगडत रानात नाहीसा झाला.

आया आल्या. पिल्ले सगळी होती. त्यांना चाटूनपुसून झाल्यावर सगळ्यांनी साळूला विचारले, दार उघडले कसे? साळूने भाजलेल्या तोंडाने खरे ते सांगून टाकले. प्रश्न रोज येत होता, तिने ‘नाही’ म्हटले नव्हते आणि आज हाकेला ओ दिली होती. कुणी तिला बोल लावला नाही. बोल लावला असता तर तिला बरे वाटले असते. हरिणीने पाडसाला पुढे घातले आणि ती मागे न पाहता निघून गेली.

जंगलातले घुबड असल्या कामात जाणते होते. त्याने तार जोडून दिली, दार नीट केले, नवा खुणेचा शब्द घालून दिला आणि अनोळखी पाहुण्याने विचारले की संगणकाने आपण होऊनच नकार द्यावा, अशी व्यवस्था केली. हाकेला दिलेली ‘ओ’ आणि साळूचा ‘हो’ यांतला फरकही संगणकाला घोकवून घोकवून शिकवला. पण दुसऱ्या दिवशी गुहेत साळूच्या पिल्लाखेरीज कुणी आले नाही. आया आपापल्या पिल्लांना घेऊन तापल्या खडकांवरून नदीकडे निघाल्या होत्या. साळू खिडकीतून पाहत राहिली. तिला फार वाईट वाटले.

असेच दिवस गेले आणि एका दुपारी पायथ्याच्या झाडीतून हाक आली. आवाज हरिणीचा होता, आणि घाबरलेला होता.

“मावशी, दार उघड लवकर. पाडसाचे खूर भाजलेत, त्याला उभं राहवत नाही.”

साळूला झाडीत काही दिसेना. रीतीप्रमाणे ओ तोंडापर्यंत आली होती, ती तिने गिळली. “कोण ते?” तिने विचारले. “दारासमोर ये. मला दिसू दे.”

“दारासमोरचा कातळ तापलाय गं. माझा आवाज ओळखत नाहीस का तू?”

“ओळखते,” साळू म्हणाली. “तरी दिसल्याशिवाय नाही.”

मग हरिणी झाडीतून बाहेर आली. लंगडणाऱ्या पाडसाला आपल्या सावलीत घेऊन ती तापलेल्या कातळावर उभी राहिली. तिच्या डोळ्यांत राग होता. साळूने तिला नीट पाहून घेतले, खुणेचा शब्द सांगितला आणि दार उघडले. गार गुहेत पाडसाला निजवून हरिणी नदीकडे गेली.

दुसऱ्या दिवशी उजाडते न उजाडते तोच ती पाडसाला घेऊन गुहेच्या दाराशी उभी होती. वाटेने जाणाऱ्या लांडोरीला नवल वाटले. काल उन्हात उभे केले म्हणून तू रागावली होतीस ना, मग आज पुन्हा इथेच कशी, असे तिने विचारले.

हरिणी म्हणाली, “मला नाही म्हणाली ती. माझा आवाज ओळखून नाही म्हणाली. माझं पाडस आता तिच्याकडेच राहणार.”

लांडोरीने आपली पिल्ले गुहेकडे वळवली.

तात्पर्य : हाक अंगणातून येवो की पडद्यावरून, ‘कोण?’ विचारल्याशिवाय ओ देऊ नये; आणि जिथे ‘नाही’ म्हणायचे, तिथे भिडेपोटी गप्प राहिले, तर त्या गप्प राहण्याचाच कुणीतरी ‘हो’ करून घेतो.